काळजी करतासा, घेत न्हाईसा

ताई, नमस्कार.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. वय ४४. उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये लेथवर काम करतो. वडील ७६ वर्षांचे. तरुणपणी पैलवान होते, खासबागेच्या मैदानात कुस्त्या मारल्या, पुढं तालमीत पोरांना शिकवलं. चौदा महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली. बोलणं शाबूत आहे. तेव्हापासून त्यांचं सगळं माझ्या बायकोनं केलं. आता तिच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून ती गडहिंग्लजला गेली आहे, दीड महिना तरी येणार नाही. मुलगी दहावीला आहे. निम्मा दिवस कामावर जातो तेव्हा शेजारच्या काकू लक्ष ठेवतात, बाकी मीच.

खरं सांगतो, मला किळस येते. त्यांचं अंथरूण बदलताना मळमळतं. अंघोळ घालायला गेलो की ते अंग आखडून घेतात, म्हणतात, "सोड मला. पडू दे हितंच." परवा त्यांनी ताट ढकललं आणि मी ओरडलो. ते भिंतीकडं तोंड करून रडले. बापाला रडताना मी पहिल्यांदा बघितलं. रात्र रात्र झोप नाही, सारखी काळजी लागलेली असते. हे बायकोला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "तुम्ही काळजी करतासा, घेत न्हाईसा." तीन दिवस हेच वाक्य डोक्यात फिरतंय.

धाकटा भाऊ पुण्यात असतो. महिन्याला सहा हजार पाठवतो आणि रोज रात्री फोनवर काय काय करायचं ते सांगतो. दिवसासाठी एक माणूस ठेवू म्हणलं तर म्हणतो, "बापाला परक्याच्या हातात द्यायचं?"

मी वाईट मुलगा आहे का? मनात खरं प्रेम असतं तर किळस आली असती का? आणि बायको म्हणाली त्याचा अर्थ नेमका काय घ्यायचा?

– मंगळवार पेठेतला एक मुलगा

दादा,

तुमच्या बायकोचं वाक्य मी वर्गातल्या फळ्यावर लिहून ठेवलं असतं. तीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. 'काळजी' या विषयावर तासभर बोलूनही जे पोरांच्या गळी उतरत नसे, ते तुमच्या घरात एका वाक्यात सांगून झालंय. तीन दिवस ते डोक्यात फिरतंय म्हणता, तर आणखी थोडे दिवस फिरू द्या.

आपल्याकडं शब्द एकच आहे. काळजी करतात आणि काळजी घेतात. करायची ती आपल्याच पोटात, घ्यायची ती दुसऱ्याची. रात्री दोन वाजता तुम्ही कुशीवर कूस बदलत तळमळता ती पहिली. त्याच वेळी उठून वडिलांची कूस बदललीत तर ती दुसरी. पहिली कितीही केली तरी अंथरुणावर पडलेल्या माणसाला तिचा गरमपणा लागत नाही. उलट ती आपल्याला इतकं दमवते की सकाळी ताट ढकललं की आपण ओरडतो.

मराठीनंच हा घोटाळा केलाय असं समजू नका. लॅटिनमध्ये 'कूरा' या शब्दाचे हेच दोन अर्थ, चिंता आणि निगा. त्या भाषेत एक जुनी गोष्ट आहे. मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञानं १९२७ सालच्या त्याच्या मोठ्या ग्रंथात ती घेतली आहे. कूरा नावाची देवी नदी ओलांडत असताना तिला चिकणमाती दिसते. ती मातीची मूर्ती घडवते. देवांचा राजा ज्युपिटर तिच्यात प्राण घालतो. मग हिला नाव कुणाचं द्यायचं यावर भांडण लागतं, पृथ्वीही येऊन म्हणते, माती माझी आहे. निवाडा सॅटर्न नावाचा देव करतो. मेल्यावर प्राण ज्युपिटरनं न्यावा, देह पृथ्वीनं न्यावा. पण जीव आहे तोवर हा कूराचा, कारण घडवला तिनं.

ही गोष्ट शिकवताना माझ्या डोळ्यांसमोर शाहूपुरीतली कुंभार गल्ली यायची. गणपतीच्या आधी तिथं मनगटापर्यंत मातीत बुडालेले हात दिसतात. त्या देवीनं माणसाबद्दल नुसता विचार केला नाही, चिखलात हात घातले. म्हणून तुमच्या किळसेबद्दल आधी बोलते.

किळस म्हणजे प्रेम कमी, हे डोक्यातून काढा. किळस नाकाला आणि पोटाला येते, तिला नातं कळत नाही. सासूबाईंचं मी सहा वर्षं केलं. पहिले पंधरा दिवस मी न्हाणीघरात जाऊन ओकत असे आणि नळ सोडून ठेवत असे, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. पुढं ते कमी झालं. माझं प्रेम वाढलं म्हणून नाही, हाताला सवय झाली म्हणून. हातमोजे घाला, मास्क लावा, त्यात बापाचा अपमान नाही. सामान आधी जवळ मांडून घ्या. पाणी, फडकी, कोरडी चादर, पिशवी, सगळं. म्हणजे मध्येच त्यांना उघडं ठेवून धावावं लागणार नाही. लेथवर जॉब लावायच्या आधी टूल मांडून घेता ना, तसंच. प्रेम या मांडामांडीतही असतं.

"मी वाईट मुलगा आहे का" हा प्रश्न मात्र मी तुमच्या हातातून काढून घेणार आहे. कॅरोल गिलिगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्याआधी माणसाची नैतिक समज मोजायची जी पट्टी होती ती मुख्यतः मुलग्यांचा अभ्यास करून बनवलेली. तीत एक कोडं घालत: बायको मरणाच्या दारात आहे, औषध फार महाग आहे, नवऱ्याकडं पैसे नाहीत, त्यानं चोरी करावी का? अकरा वर्षांचा मुलगा फटकन म्हणाला, करावी, पैशापेक्षा जीव मोठा. अकरा वर्षांची मुलगी अडखळली. म्हणाली, चोरी करून तो तुरुंगात गेला आणि ती पुन्हा आजारी पडली तर? त्यापेक्षा औषधवाल्याशी बोलून काही मार्ग निघतो का बघावं. पट्टीवर मुलगी खाली गेली. गिलिगनबाईंचं म्हणणं असं की ती खाली नव्हती, तिचा प्रश्न वेगळा होता. कोण बरोबर, कोण चूक यापेक्षा उद्या त्या आजारी बाईजवळ कोण असेल, हे तिला सुटायला हवं होतं.

तुम्ही त्या पट्टीवर स्वतःला मोजत बसला आहात. चांगला मुलगा, वाईट मुलगा. तुमच्या वडिलांना या निकालाचा काही उपयोग नाही. त्यांना पाठीखाली उशी हवी आहे.

आता वडिलांकडं येते. पत्र वाचताना मी सगळ्यात जास्त तिथंच थांबले.

दादा, ते पैलवान आहेत. पाठ मातीला लागू द्यायची नाही, यात त्या माणसाची सगळी जवानी गेली. कुस्तीत पाठ टेकली की संपलं, चितपट. तो माणूस चौदा महिने पाठीवर पडून आहे आणि येणारा-जाणारा त्याला वरून वाकून बघतोय. ते अंग आखडतात, ताट ढकलतात, भिंतीकडं वळतात, त्याला तुम्ही हट्ट म्हणत असाल. मला त्यात एक पैलवान पाठ उचलायला धडपडताना दिसतो.

म्हणून पहिलं काम, त्यांना दिवसातून दोन-तीनदा उठवून बसवा. पाठीला टेकण, डाव्या हाताखाली उशी, पाय जमिनीवर. जेवण बसूनच. गिळायलाही ते बरं, आडवं पडून घास घशात अडकण्याचा धोका असतो. पडून असतील तेव्हा दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला व्रण होतात. उठवताना डाव्या खांद्याला धरून ओढू नका, तो सांधा आता सैल असतो. सदरा घालताना आधी डावा हात, काढताना डावा शेवटी. हे तुमच्या बायकोला ठाऊक असणार. तिला विचारा. तिचे चौदा महिने म्हणजे एक शिक्षण आहे, आणि आजवर ते कुणी तिला विचारलेलं नसेल.

दुसरं म्हणजे तालीम आठवा. बायकांची कामं, पुरुषांना जमत नाहीत, असं म्हणणाऱ्याला मी कोल्हापुरातल्या कुठल्याही तालमीत नेऊन उभं करीन. तिथं पुरुष पुरुषाचं अंग रगडतो. नवी पोरं थोरल्या पैलवानांची मालिश करतात, बदाम वाटून थंडाई करतात, एकमेकांचा खुराक बघतात, मुरगळलेला पाय मांडीवर घेऊन बसतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. तुमच्या वडिलांच्या अंगाला आयुष्यभर पुरुषांचे हात लागलेत आणि त्यांचे हात दुसऱ्यांच्या अंगाला. स्पर्शाची त्यांना लाज नाही. अंघोळीच्या नावाखाली पोरानं आपल्याला ओलं फडकं फिरवून पुसून काढायचं, याची लाज आहे. तेव्हा बादलीपासून सुरुवात करू नका, तेलाच्या वाटीपासून करा. आधी फिजिओथेरपिस्टला विचारून घ्या आणि पोटऱ्या जोरात रगडू नका, अशा आजारात तिथं रक्ताची गुठळी असू शकते. पण खांदे, पाठ, उजवा हात हळू हातानं चोळायला बहुधा हरकत नसते. आणि चोळताना त्यांना विचारा, वस्ताद कसं शिकवायचे, हात कुठनं कुठं न्यायचा. शिकवू दे त्यांना. अंघोळ आपोआप त्याच्या मागून येईल.

आजाऱ्याच्या सेवेला आपण शुश्रूषा म्हणतो. हा शब्द 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूपासून आला. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. मला हे फार उशिरा कळलं, आणि तेही पुस्तकातून नाही. सासूबाईंना मी रोज भाकरी दुधात कुस्करून द्यायची, अगदी मऊ, चमच्यानं भरवायची. मला वाटायचं, काय करतेय मी यांच्यासाठी! चार महिन्यांनी शेजारची बाई भेटायला आली तेव्हा त्या तिला म्हणाल्या, "मला कुस्करलेलं आवडत न्हाई गं. तुकडा मोडायला हात हाईत माझे." मी दाराआड उभी होते. दुसऱ्या दिवशी ताटात अख्खी भाकरी वाढली. एक चतकोर संपवायला त्यांना पाऊण तास लागला. निम्मं दूध पदरावर सांडलं. आणि त्या दिवशी त्यांनी मला बसवून माझ्या माहेरची चौकशी केली, पहिल्यांदा.

हायडेगरनं यातला फरक सांगितलाय. एक काळजी दुसऱ्याच्या जागी उडी मारून त्याचं सगळं आपणच उरकते, आणि माणूस परावलंबी होऊन बसतो. दुसरी त्याचं जे आहे ते त्याच्या हाती परत देते. जोन ट्रोंटो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी काळजीचे टप्पे सांगितले आहेत. गरज आहे हे दिसणं, ती आपली जबाबदारी मानणं, प्रत्यक्ष हातानं करणं, आणि ज्याचं केलं त्याला ते कसं लागलं हे बघणं. हा शेवटचा टप्पा आपल्या घरांत बहुतेक गळतो. परवाच्या ताटात काय होतं? तुम्ही भरवत होतात का? त्यांचा उजवा हात चांगला आहे. ढकललेलं ताट हे उत्तर होतं, तुम्हाला ते ऐकता आलं नाही. चुकलं म्हणून माफी मागा. एकदाच, साध्या शब्दांत, आणि मग ताट उजव्या हाताला ठेवा.

आता तुमच्या बायकोबद्दल, ज्यांच्याबद्दल तुमच्या पत्रात फार थोडं आहे.

पहिल्या बाळंतपणाला आपल्याकडं पोरगी माहेरी जाते. ती बाळाचं बघते, तिचं तिची आई बघते. शेक-शेगडी, तेल, डिंकाचे लाडू, दुपारची झोप. प्राचीन ग्रीकांच्या भाषेत दासीला 'डूला' म्हणत. आज बाळंतिणीचं करणाऱ्या बाईला तोच शब्द वापरतात. इव्हा किटे या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी तेवढ्या शब्दावर एक अख्खा विचार उभा केलाय. त्यांची मुलगी जन्मापासून पूर्णपणे दुसऱ्यांवर अवलंबून होती, त्यामुळं त्यांना हे घरातूनच ठाऊक. त्या म्हणतात, जो दुसऱ्याचं करतो तो स्वतःही तेवढ्या काळापुरता अवलंबून होतो. त्याचंही कुणीतरी करायला हवं, आणि ती सगळ्यांची जबाबदारी आहे. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं, पण त्यांनी ते बाळंतपणापुरतंच ठेवलं. म्हाताऱ्याचं करणारीला कुणी डिंकाचा लाडू देत नाही. चौदा महिने तुमच्या बायकोचं कोण करत होतं? आता ती माहेरी गेली आहे तीही विसाव्याला नाही, आणखी एका अंथरुणाशी. देशभराच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातल्या बिनपगारी कामाला हात लावणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि हात लावणारे पुरुष ९७, असं आलं होतं. ते आकडे वाचून मला नवल वाटलं नव्हतं. तुमचं पत्र वाचून ते पुन्हा आठवले.

आईबापाच्या सेवेचं नाव निघालं की आपण पुंडलिकाचं नाव घेतो. देव दारात आला तरी त्यानं आईबापाचे पाय सोडले नाहीत, वीट टाकली आणि थांब म्हणाला. मोठी गोष्ट आहे. पण मला त्याच विठ्ठलाची जनाबाईकडची गोष्ट जास्त जवळची वाटते. तिथं तो विटेवर उभा राहिला नाही. जात्याला हात लावला, शेण्या वेचल्या, तिच्या केसांतल्या उवा काढल्या. राबणारीच्या शेजारी बसून राबणारा देव आपल्या लोकांना सुचला, याचा मला फार अभिमान आहे.

भावाचं सोपं आहे आणि अवघडही. सहा हजार ही मदत आहे, ती घ्या. पण रोजच्या फोनवरून सूचना करणं हे काळजी करणं झालं, घेणं नाही, आणि आता हे वाक्य तुमच्याकडं आहे. ट्रोंटोबाईंनी लिहिलंय की पैसे देणाऱ्याला हाताच्या कामातून सूट मिळते आणि सूट मिळालीय हे त्याच्या ध्यानातही येत नाही. आईवडिलांना सांभाळण्याची जबाबदारी २००७ च्या कायद्यानं सगळ्या मुलांवर टाकलीय. कायदा भावाला दाखवा असं मी म्हणत नाही, तुमच्या मनाला ठाऊक असू द्या की हे फक्त घरी राहिलेल्याचं काम नाही. त्याला म्हणा, महिन्यातून एक शनिवार-रविवार ये. दोन रात्री तू वडिलांजवळ झोप, मी वरच्या खोलीत. पुण्याहून चार-पाच तासांचा रस्ता आहे. दोन रात्री काढल्या की त्याच्या सूचना कमी होतील आणि माणूस ठेवायला तोच हजार-दोन हजार वाढवून देईल.

आणि माणूस जरूर ठेवा. परका म्हणजे कोण? तालमीत तुमच्या वडिलांचं अंग रगडणारी पोरं कुठं सख्खी होती? येणाऱ्याला नावानं हाक मारा, पगार ठरल्या दिवशी द्या, आठवड्याची सुट्टी द्या, आपल्या कपातला चहा द्या. पहिले चार दिवस तुम्ही घरी राहा, वडिलांना काय चालतं, काय चालत नाही ते त्याला त्यांच्याच तोंडून कळू द्या. परक्याच्या हातात दिलं हे तेव्हा खरं, जेव्हा देऊन आपण पाठ फिरवतो.

अजून एक, आणि हे कोल्हापूरकर म्हणून सांगते. शाहू महाराजांनी बघितलं की खेड्यातल्या पोराला नुसती शाळा उघडून दिली तरी तो शिकणार नाही. तो राहणार कुठं, त्याला भाकरी कोण घालणार? १९०१ मध्ये मराठा पोरांसाठी पहिलं बोर्डिंग निघालं, मग जातीजातीची, धर्माधर्माची निघाली. भाकरी कोण घालणार हा प्रश्न त्यांनी राज्यकारभाराचा मानला, आईच्या पदरात टाकून मोकळे झाले नाहीत. २०१९ च्या महापुरातही या गावानं अनोळखी माणसांसाठी भाकऱ्या थापल्या. पूर ओसरला की मात्र आपण दारं लावून घेतो आणि आतलं आतल्या बाईवर सोडतो. तुम्ही दार उघडा. तालमीत जाऊन सांगा, संध्याकाळी तासभर दोन पोरं पाठवा, वस्तादांना कुस्तीचं विचारायचंय म्हणून. पोरगी दहावीला आहे, तिला कामात ओढू नका हे बरोबर. पण पेपरातली कुस्तीची बातमी तिनं आजोबांना वाचून दाखवली तर पाच मिनिटं जातील, आणि ती दोघांनाही लागतील.

झोप येत नसेल तर डॉक्टरांना सांगा, अंगावर काढू नका. शेजारच्या काकूंना एखाद्या दिवशी तुम्ही बाजारातनं भाजी आणून द्या.

आज रात्री बायकोला फोन कराल तेव्हा ती कधी येणार ते विचारू नका. विचारा, तुझ्या आईला बसवलं का आज? तिथं रात्री कोण उठतं? तुझी झोप होते का? आणि मग सदऱ्याचा हात आधी कुठला घालायचा ते विचारा. ती सांगेल. वहीत लिहून घ्या.

– तुमची ताई